किल्लीचं रोप

त्या घरात सगळ्यात जास्त मान कुणाला असेल, तर तो दारामागच्या खिळ्यावर टांगलेल्या एका पितळी किल्लीला. भिंगरीचे बाबा पंख्यांच्या कारखान्यात गोदाम सांभाळत. पाती, मोटारी, जाळ्या, खोक्यांनी स्क्रू असा सगळा माल त्या गोदामात असे आणि ते उघडणारी किल्ली जगात एकच होती. सकाळी बाबा येऊन कुलूप काढेपर्यंत कारखान्यात पंख्याचं एक पातं हलत नाही, असं बाबा सांगत. सांगताना त्यांचा आवाज थोडा खाली उतरे, जसा मोठ्या माणसांचा स्वतःबद्दल बोलताना उतरतो.

"दुसरी किल्ली करून ठेवा हो," असं साहेब त्यांना अधूनमधून म्हणत. "करतो साहेब," असं बाबाही अधूनमधून म्हणत. तेवढ्यावर ते प्रकरण थांबे. घरी मात्र ते रोज जेवताना निघायचं.

"अहो, ती दुसरी किल्ली आणा बाई एकदाची," आई म्हणायची. "एकच किल्ली आणि ती हरवली म्हणजे?"

"हरवायला मी काय लहान आहे?"

"लहान नाही म्हणून तर काळजी. लहान मुलांच्या वस्तू शोधायला आपण असतो."

यावर बाबा पाणी पीत. चार वर्षांची भिंगरी ताटातले वाटाणे ओळीने लावत हे सगळं ऐकायची. मोठी माणसं लहान मुलांसमोर बोलतात तेव्हा कपाटासमोर बोलावं तशी निर्धास्त बोलतात. कपाट ते मनावर घेत नाही, एवढाच फरक.

घरात चौथे होते आजोबा. त्यांना बाबा आणि आई अण्णा म्हणत. त्यांनी सगळी हयात लहान मुलांना शिकवण्यात घालवली होती आणि आता वर्गात एकच विद्यार्थिनी उरली होती. आधी हाताला कळलं पाहिजे, मग डोक्याला कळतंच, हा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे भिंगरी स्वतःची बटणं स्वतः लावायची; एक काजं चुकायचं आणि शर्टाचं एक टोक वीतभर खाली यायचं, पण लावायची. तांब्यातून पेल्यात पाणी ओतायची. पूर्वी ते फरशीवर सांडायचं, आता ताटलीत सांडत होतं, आणि ही प्रगती आजोबा शेजारीपाजारी सांगत फिरायचे. उजव्याडाव्या चपलेचा प्रश्न सुटला होता. अंडं सोलताना निम्मं अंडं शाबूत राहायला लागलं होतं.

एक गोष्ट मात्र काही केल्या जमत नव्हती, ती म्हणजे वाट बघणं. आजोबांनी गॅलरीतल्या कुंड्यांत तिच्या हातांनी वाटाणे पेरून घेतले. भिंगरीने ते दुपारी उकरून बघितले. मग परत पेरले, संध्याकाळी परत उकरले. कोंब येतोय असं वाटलं की त्याला बिचाऱ्याला वर ओढून "आला का?" असं विचारायची. गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या उंदरांनी संमेलन भरवल्यासारख्या दिसायला लागल्या.

आजोबा चिडले नाहीत. त्यांनी तिला मांडीवर घेतलं.

"हे बघ, बी मातीत झोपलेलं असतं. झोपलेल्याला उठवलं तर काय होतं?"

"बाबा ओरडतात."

"बी ओरडत नाही. मरून जातं. म्हणून उकरायचं नाही. पाणी घालायचं आणि गप्प बसायचं."

"मग ते कधी उठतं?"

"त्याचं त्याला कळतं."

भिंगरीने यावर बराच विचार केला. "मग एकाचं काय होतं?"

"एका बीचं होतं रोप, आणि रोपाला लागतात पुष्कळ बिया."

"तशाच?"

"अगदी तशाच!" आजोबा खूश होऊन म्हणाले. चांगला प्रश्न आला की शिक्षकाला इतका आनंद होतो की, तो कशाबद्दल विचारलाय हे बघायचं राहून जातं.

संध्याकाळी आजोबा आणि नात तळमजल्यावरच्या काकूंकडे जाऊन बसत. काकूंच्या दारात पिंपाएवढ्या कुंडीत एक गुलाब होता. त्याला काकू सोडून कुणी हात लावायचा नाही, असा काकूंचा नियम होता. लांबून वास घेतला तर चाले.

"तुमच्या कुंड्या का मरतात सांगू?" काकू आजोबांना म्हणाल्या. "हात लावून लावून माती मेली तुमची. माझ्या कुंडीत काहीही पेरा, येईल. तशी माती आहे ही."

भिंगरीने हेही ऐकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा कामावरून आले, किल्ली खिळ्यावर लावली आणि आंघोळीला गेले. आजोबा आणि भिंगरी खाली आले. आजोबांना दाखवायला चष्म्याची तुटलेली काडी आणते म्हणून काकू आत गेल्या होत्या. आजोबांनी वळून बघितलं, तर भिंगरी गुलाबाच्या कुंडीशी बसून तळहाताने माती थापटत होती, अगदी हलक्या हाताने, बाळाला थोपटतात तशी.

"अरे वा! काय पेरलंस गं?"

"गुपित आहे."

"बरं. आणि आता काय करायचं?"

"आता उकरायचं नाही. त्याचं त्याला कळतं."

आजोबांना भरून आलं. रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, "आज आमच्या भिंगरीने मोठा टप्पा गाठला. बी पेरलं आणि ढुंकून बघितलं नाही."

"छान," बाबा म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं. सकाळी मुख्य कचेरीतून माल तपासायला माणसं येणार होती, आणि ती येतील तेव्हा आपण सगळ्यांसमोर खिशातून किल्ली कशी काढायची, याची ते मनात तालीम करत होते.

सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बूट चकचकीत केले, दारामागे हात घातला आणि त्यांचा हात रिकाम्या खिळ्यावरून दोनदा फिरला.

"किल्ली कुठंय?"

"असेल की तिथंच," आई आतून म्हणाली.

"नाहीये! तू काढलीस का झाडताना?"

"मी? तुमच्या किल्लीला मी हात नाही लावत. तिचा अपमान झाला तर काय घ्या."

मग शोध सुरू झाला. आधी बाबांचे खिसे, मग आईची पर्स, मग कपाट. बाबा इस्त्रीच्या शर्टासकट पलंगाखाली सरपटले आणि कोळिष्टकं घेऊन बाहेर आले. काल घातलेली पँट धुवायला टाकली होती, म्हणून आईने मध्येच मशीन थांबवून त्याचं दार उघडलं आणि साबणाचं पाणी थेट बाबांच्या चकचकीत बुटांवर आलं. पिठाचा डबा परातीत रिकामा झाला. किल्ली पिठात कशी जाईल, असं आजोबांनी विचारलं, तर बाबा म्हणाले, "अण्णा, आत्ता तर्क नको!"

भिंगरी खुर्चीवर बसून दूध पीत होती. बाबांनी जाता जाता विचारलं, "भिंगरी, माझी किल्ली बघितलीस?"

"हो."

बाबा जागच्या जागी थांबले. "कुठंय?"

"झोपलीय."

"आत्ता खेळायची वेळ नाहीये बेटा," असं म्हणून बाबा पुन्हा पलंगाखाली गेले.

आजोबांचा चहाचा कप मात्र ओठांपर्यंत जाऊन तिथेच राहिला. त्यांनी कप खाली ठेवला, भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसले आणि अगदी हळू विचारलं, "कुणाशेजारी झोपलीय गं ती?"

"गुलाबाशेजारी."

"का बरं?"

भिंगरीने दुधाच्या मिशा पुसल्या. एवढी साधी गोष्ट सांगावी लागतेय याचं तिला नवल वाटत होतं. "बाबांना दुसरी हवीय ना. आई रोज म्हणते, तरी त्यांना मिळतच नाही. आता पुष्कळ येतील. अगदी तशाच."

पलंगाखालून बाबांचं डोकं बाहेर आलं.

"अण्णा!" ते म्हणाले. एवढा एकच शब्द, पण त्यात त्यांनी वाटाणे, कुंड्या, हाताने शिकणं आणि आजोबांची सगळी नोकरी गोळा करून भरली होती. आई एकाएकी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

"प्रश्न तिचा बरोबर होता रे," आजोबा म्हणाले. "कसलं बी, ते मी विचारायला हवं होतं."

"ते नंतर विचारा! चमचा द्या कुणीतरी!"

"उकरायचं नाही!" भिंगरीने भोकाड पसरलं. "आत्ता कालच पेरलीय!"

बाबा हातात चमचा घेऊन जिना उतरले. मागून आजोबा, आजोबांच्या कडेवर रडणारी भिंगरी. काकूंच्या दाराला कुलूप होतं आणि दारात, जिथे कुंडी असायची तिथे, मातीचं एक ओलं कडं उमटलेलं होतं.

"काकू गेल्या पहाटेच," जिना झाडणारी बाई म्हणाली. "टेंपो आलेला. ते फुलझाडांचं प्रदर्शन नाही का, मोठ्या हॉलमध्ये? चार माणसं लागली कुंडी चढवायला."

बाबांनी स्कूटर काढली. आजोबांना बरोबर घेणं भाग होतं, कारण भिंगरी फक्त त्यांचंच ऐके. आणि भिंगरीला घेणं भाग होतं, कारण पिंपाएवढ्या कुंडीत किल्ली नेमकी कुठे आहे ते फक्त तिला ठाऊक होतं.

हॉलमध्ये कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. काकू ठेवणीतले कपडे घालून गुलाबाशेजारी उभ्या होत्या. या तिघांना बघून त्यांचे डोळे पाणावले.

"आलात! अगं बाई, सकाळपासून दाराकडे बघतेय, आपलं म्हणावं असं एक माणूस येईल तर शपथ."

बाबांनी चमचा पाठीमागे लपवला. सांगायचं काम आजोबांवर आलं. त्यांनी शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं.

"माझ्या गुलाबात किल्ली?" काकू एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की पलीकडच्या ओळीतल्या शेवंतीवाल्या बाईने मान वर केली.

"हळू, वहिनी," आजोबा म्हणाले.

"काकू, एक मिनिट लागेल फक्त," बाबा म्हणाले. "माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"आणि माझ्या गुलाबाचं काय? गेल्या खेपेला त्या शेवंतीने बक्षीस नेलं. परीक्षक आत्ता पुढच्या ओळीत आलेत. एका मुळाला धक्का लागला तर याद राखा."

"नाही लावत धक्का. भिंगरी, कुठल्या बाजूला गं?"

भिंगरीने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि मान जोरजोरात हलवली.

बाबांनी घड्याळाकडे बघितलं. मग ते कुंडीशी उकिडवे बसले आणि अंदाजाने चमचा खुपसला. नेमक्या त्याच वेळी एक उंच, सडपातळ परीक्षक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"हे गृहस्थ कोण?"

काकू पुढे झाल्या. "हे... आमच्या झाडाचं बघतात."

"काय करताय तुम्ही?" बाईंनी बाबांना विचारलं.

"माती मोकळी करतोय."

"भाजी वाढायच्या चमच्याने?"

उत्तर भिंगरीने दिलं. "मी त्यांना कधीचं सांगतेय, उकरायचं नाही म्हणून. ते ऐकतच नाहीत."

परीक्षक बाई तिच्यासमोर वाकल्या. "का बरं उकरायचं नाही?"

"आत झोपलेलं असतं. उठवलं की मरतं. पाणी घालायचं आणि गप्प बसायचं."

बाई सावकाश सरळ झाल्या आणि त्यांनी बाबांकडे, बुटांवरच्या साबणापासून केसांतल्या कोळिष्टकापर्यंत, एकदा बघून घेतलं. "एवढ्याशा मुलीला कळतं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही झाडांची कामं घेता." मग त्यांनी छातीला बिल्ला लावलेल्या एका धिप्पाड माणसाला बोलावलं, नियमाप्रमाणे संध्याकाळच्या बक्षीस समारंभापर्यंत कुठल्याही कुंडीला हात लावता येणार नाही असं बजावलं, आणि त्याला खास गुलाबाशेजारी उभं केलं. चमचा जप्त झाला.

आजोबा अवघडून बाजूला उभे होते. मुलावर बाका प्रसंग आला होता आणि नातीने धडा भर सभेत एकही चूक न करता म्हणून दाखवला होता. चेहऱ्यावर नेमकं काय आणावं हे त्यांना ठरवता येईना, म्हणून ते शेवंती बघायला लागले.

"आता काय करू, अण्णा?"

"अरे, बाजाराच्या तोंडाशी तो किल्लीवाला बसतो ना, त्याला मागे बसव आणि जा. आम्ही चालत येतो."

"आणि साहेबांना काय सांगू? किल्ली पेरली म्हणून?"

"खरं ते सांग."

"खरं सांगितलं तर नोकरी राहील हो," बाबा कळवळून म्हणाले, "पण मग ती करता येणार नाही!"

ते कारखान्यात पोहोचले तेव्हा गोदामाच्या बंद दारासमोर साहेब, मुख्य कचेरीतली माणसं, कामगार, पहारेकरी आणि बाबांच्या हाताखालचा मदतनीस असे सगळे उभे होते. किल्ली हरवली, एवढंच बाबांनी सांगितलं. किल्लीवाल्याने खोकं उघडलं, तारा काढल्या आणि थोडा वेळ कुलपाशी कुजबुज केल्यासारखं करून दार उघडलं. मग म्हणाला, "हरवलेली किल्ली कुणाच्या हाती पडली तर पंचाईत. कुलपाचा आतला भागच बदलून टाकतो. जुनी किल्ली मग कशालाच लागणार नाही. नवीन किती करू?"

"एकच," बाबा म्हणाले.

"चांगल्या चारपाच करा," साहेब म्हणाले.

त्यातली एक साहेबांनी ठेवली. एक पहारेकऱ्याला दिली, एक मदतनिसाला, एक कचेरीत टांगली, आणि उरलेली बाबांना मिळाली. तपासणीत माल शेवटच्या स्क्रूपर्यंत बरोबर भरला. मुख्य कचेरीतला पाहुणा जाताना म्हणाला, "साठा चोख आहे. पण आम्हाला सगळ्यात आवडलं ते हे, की सगळं काम एका माणसावर अडवून ठेवायची पद्धत तुम्ही बंद केलीत." साहेबांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. दुपारी बाबा डबा खात असताना मदतनिसाने स्वतःच्या खिशातून किल्ली काढली, गोदाम उघडलं, मोटारी नेल्या आणि दार लावून घेतलं. बाबांना त्याने विचारलंसुद्धा नाही. आत कुठेतरी पंखे फिरत असल्याचा आवाज येत होता.

सगळे अभिनंदन करत होते आणि बाबा मातीला जाऊन आल्यासारखा चेहरा करून घरी आले.

भिंगरीने त्यांच्या हाताकडे बघितलं. "ही नवीन आहे!"

"हो."

"अजून आहेत?"

"आहेत," बाबा खुर्चीत बसत म्हणाले. "साहेबांकडे आहे. पहारेकऱ्याकडे आहे. कुणाकडे नाही ते विचार."

भिंगरी आजोबांकडे धावत सुटली. "आजोबा! उगवल्या! पुष्कळ!"

आजोबांनी तिला नीट समजावलं, की या किल्ल्या किल्लीवाल्याने केल्या, त्या उगवल्या नाहीत.

"पण जुनी मातीत आहे ना अजून?"

"आहे."

"आणि नव्या वर आल्या ना?"

"आल्या. पण..."

"मग बी असंच तर करतं. तुम्हीच सांगितलंत."

हयातभर मुलांना शिकवत आलेल्या आजोबांनी आईकडे बघितलं. "माझ्याकडे बघू नका," आई म्हणाली. "मी फक्त दुसरी किल्ली आणा म्हणत होते."

शेवटी आजोबांनी ठरवलं, की हेही हातानेच शिकवायचं. रविवारी भिंगरीच्या समोर कुंडी उकरायची, किल्ली बाहेर काढायची आणि काय उगवतं, काय उगवत नाही, हे तिला तिच्याच डोळ्यांनी बघू द्यायचं. ती थोडी रडेल. पण रडून झाल्यावर शेजारीच एक खरं बी पेरायचं.

गुलाबाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. मातीची निगा उत्तम, असा शेरा होता. त्यामुळे काकू इतक्या निवळल्या होत्या की रविवारी सकाळी त्या स्वतःच खुरपं घेऊन दारात उभ्या होत्या.

"या, काढून न्या तुमची किल्ली. आता हरकत नाही." मग आवाज खाली आणून त्या आजोबांना म्हणाल्या, "तुमचा मुलगा सुधारला हो. रोज कामावर जाताना माझ्या गुलाबाला पाणी घालून जातो. मी खिडकीतून बघते. इकडेतिकडे बघतो, घालतो आणि जातो. सांगायला गेलं तर पळून जाईल म्हणून बोलले नाही."

आजोबांच्या भुवया वर गेल्या.

भिंगरी कुंडीसमोर हात मांडीत घेऊन बसली होती. इतक्या दिवसांत तिने एकदाही बोट बुडवलं नव्हतं. आजोबांनी खुरपं हातात घेतलं. तिचं तोंड हळूहळू वाकडं व्हायला लागलं, पण ती गप्प राहिली.

"थांबा जरा," मागून आवाज आला.

बाबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते.

"आत्ताच नको, अण्णा."

"अरे, पण ती आता कशालाच लागत नाही ना?"

"नाही लागत."

"मग?"

बाबांनी कुंडीकडे बघितलं, मग दुसरीकडे. "काही नाही. अजून थोडे दिवस बघू."

काकूंनी तोंड उघडलं, पण आजोबांनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं आणि खुरपं खाली ठेवलं. भिंगरी उठली. तिने बाबांकडे नीट निरखून बघितलं, मग आजोबांचा सदरा ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या कानात सांगितलं,

"आजोबा, बाबांना शाब्बास म्हणा ना."

"शाब्बास रे," आजोबा म्हणाले.

बाबांचे कान लाल झाले. साहेबांची थाप पाठीवर पडली तेव्हा ते जेवढे सरळ झाले नव्हते तेवढे आत्ता सरळ झाले, आणि "झारी कुठंय, काकू?" असं अगदी कामाच्या आवाजात विचारत पुढे आले.